पूल कुठे आहे?

उत्तर द्यायच्या आधी पाणी पिणारे पाहुणे ताईंना मुळीच आवडत नसत. 'फार चांगला प्रश्न विचारलात' म्हणणारे तर त्याहून नाही. त्या संध्याकाळी समोर बसलेले बांधकाममंत्री आधी सावकाश पाणी प्याले, मग ग्लास तिपाईवर अलगद ठेवून म्हणाले, "फार चांगला प्रश्न विचारलात तुम्ही, ताई."

प्रश्न अगदी साधा होता. मंत्रीमहोदयांनी वर्षभरापूर्वी नदीवरच्या एका नव्या पुलाचं उद्घाटन केलं होतं. फीत कापतानाचे फोटो होते आणि फोटोत त्यांच्या पाठीमागे चांगला धडधाकट पूल होता. नदीवर मात्र पूल नव्हता. अलीकडचे लोक अजूनही पलीकडच्या दवाखान्यात जायला नावेत बसत होते, आणि नदी फुगली की दवाखान्याचा बेत रद्द करून घरच्या घरीच बरे होत होते. तेव्हा ताईंनी विचारलं होतं, "पूल कुठे आहे?"

'बसा, बोलूया' हा कार्यक्रम सार्वजनिक वाहिनीवर तीसेक वर्षं चालला होता. त्याला जाहिराती नव्हत्या, सुरुवातीचं संगीत नव्हतं. दोन खुर्च्या, मध्ये तिपाई, मागे करडा पडदा, आणि ताई. ताईंच्या समोर बसायला मोठमोठे लोक घाबरत आणि तरीही येत, कारण तिथे बोलावलं नाही तर आपण मोठे नाही असा अर्थ निघे. कार्यक्रमाचा नियम एकच होता: पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा प्रश्न विचारायचा नाही. हा नियम जुन्या संपादकांनी घातला होता. ते गेले, आणि नियम बदलायची परवानगी कुणाकडे मागायची हे कुणालाच कळेना, म्हणून तो टिकला. त्याने आजवर काही बिघडलंही नव्हतं. बहुतेक पाहुणे थोडे आढेवेढे घेऊन उत्तर देऊन टाकत. उरलेले माईक उपटून तावातावाने निघून जात, आणि लोकांना तेच जास्त आवडे. उत्तरही देत नाही आणि उठतही नाही, असा पाहुणा तेवढा यायचा राहिला होता.

मंत्री या स्टुडिओला नवखे नव्हते. तरुणपणी ते याच कार्यक्रमात ताईंच्या हाताखाली प्रश्न लिहायचे. टोचणारे प्रश्न लिहितो म्हणून सगळे त्यांना टाचण्या म्हणत. मग एकदा ते निवडणुकीची बातमी आणायला म्हणून गेले आणि उमेदवार होऊनच परत आले. आता त्यांचं पोट सुटलं होतं, आवाजाला एक गोलाई आली होती, आणि सल्लागारांनी त्यांना बजावून पाठवलं होतं की काहीही झालं तरी उठायचं नाही. ताईंच्या समोरून उठून गेलेला एकही माणूस पुढची निवडणूक जिंकला नव्हता. उत्तर द्यायचं की नाही, याबद्दल सल्लागार काहीच बोलले नव्हते. त्यांनी ते गृहीत धरलं होतं.

"पूल कुठे आहे?" ताईंनी पुन्हा विचारलं.

"आमच्या सरकारने दळणवळणाला नेहमीच प्राधान्य दिलंय."

"ते झालं. पूल कुठे आहे?"

"पूल म्हणजे नुसतं लोखंड आणि सिमेंट नसतं, ताई. पूल म्हणजे माणसाने माणसाकडे टाकलेलं पाऊल असतं."

"ते पाऊल कुठे टाकलंय?"

असा तास संपला. ताईंच्या कानातल्या यंत्रात संचालकांचा आवाज आला. संचालक भले होते, पण त्यांना सतत कुणाचा तरी फोन येणार आहे असं वाटे. "आभार मानून टाका हो ताई," ते म्हणाले. "पुढे हवामान आहे."

"उत्तर मिळालं की मानते," ताई म्हणाल्या. हे त्या चालू कार्यक्रमातच म्हणाल्यामुळे मंत्र्यांना वाटलं आपल्यालाच उद्देशून आहे. त्यांनी मान डोलावली.

संचालकांनी वाहिनीची सनद काढली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की चालू मुलाखत सरकारने, संचालकांनी किंवा अन्य कुणीही मध्येच थांबवू नये. ती पाहुण्याने उठून जाऊन किंवा निवेदिकेने आभार मानूनच संपावी. अपवाद फक्त एक होता, दर तासाच्या बातम्या. त्या वेळी थोडा वेळ स्टुडिओतला लाल दिवा विझे.

दिवा विझला आणि मंत्र्यांनी बुटांतून पाय बाहेर काढले.

"टाचण्या, पाठ धरली का रे?" ताईंनी विचारलं.

"पाठ कसली, मानेपासून टाचेपर्यंत सगळं धरलंय. तुझं?"

"माझे गुडघे. या खुर्च्या बदला म्हणून मी किती वर्षं सांगतेय."

"मी असताना सांगायचीस तेव्हाही याच होत्या." तो हसला. दिवा विझलेला असताना तो मंत्री वाटत नव्हता, जरा जाड झालेला टाचण्याच वाटत होता.

"अरे, सांगून टाक ना एकदाचं," ताई म्हणाल्या. "बांधलाच नाही, वाहून गेला, कुणी खाऊन टाकला, जे काय असेल ते. चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कॅमेऱ्यामागे फक्त मामा होते. मामा म्हणजे कार्यक्रमाचे कॅमेरामन. ते सुरुवातीपासून होते आणि लाल दिवा विझला की बहिरे होत.

"असं काही असतं तर सांगितलं असतं गं," तो हळूच म्हणाला. "मला माहीतच नाही."

"काय माहीत नाही?"

"पूल कुठे आहे ते. मी फीत कापली, चालत मधोमध गेलो, टाळ्या झाल्या. माझ्या पायाखाली पूल होता, यात शंका नाही. नंतर लोक म्हणायला लागले, पूल नाहीये. मी खात्याला विचारलं. खातं म्हणालं, साहेब, उद्घाटन तुम्ही स्वतः केलंय, तुम्हालाच ठाऊक असणार."

"मग हेच सांग की."

"मंत्री असं म्हणतो का कधी? तूच आठव. इतक्या वर्षांत या खुर्चीत बसून 'मला माहीत नाही' असं एकाने तरी म्हटलंय?"

ताईंनी आठवून पाहिलं. डॉक्टर आले होते, सेनापती आले होते, बँकवाले, कुलगुरू, भविष्य सांगणारे आले होते. भविष्यवाल्याने तर स्वतःच्या मरणाचा दिवसही सांगितला होता आणि त्यानंतर तो पुन्हा दोनदा येऊन गेला होता. पण माहीत नाही असं कुणी म्हणाल्याचं त्यांना आठवेना.

दिवा लागला. दोघं सरळ बसले.

"तर मंत्रीमहोदय, पूल कुठे आहे?"

"या प्रश्नाकडे आपण सर्वांनीच जरा व्यापक दृष्टीने पाहायला हवं," मंत्री म्हणाले.

आता पंचाईत ताईंची होती. दिवा विझल्यावर कानावर आलेलं दिवा लागल्यावर वापरायचं नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं. त्याच भरवशावर लोक त्यांच्याशी मोकळं बोलत. त्यामुळे उत्तर खिशात असूनही त्यांना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागत होता, आणि समोरच्याला ते ठाऊक होतं. त्यांच्या आवाजातली धार जरा बोथट झाली. हे प्रेक्षकांच्याही लक्षात आलं. ताई दमल्या, असं लोक म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशीही कार्यक्रम चालू होता. तिसऱ्या दिवसानंतर मोजायचं सगळ्यांनीच सोडून दिलं. हवामानवाल्यांना स्वतःचा स्टुडिओ नव्हता, म्हणून ते करड्या पडद्याशेजारी उभे राहून दबक्या आवाजात "उद्या ऊन" एवढं सांगून पाय वाजू न देता निघून जात. मंत्र्यांच्या फायली तिपाईवर येऊ लागल्या. एकदा मंत्रिमंडळाची बैठकच तिथे भरली. सगळे मंत्री चौकटीत मावावेत म्हणून मामांना भिंतीला टेकावं लागलं. बैठकीतही ताई मध्येच "पूल कुठे आहे?" विचारत, आणि सगळे मंत्री एकदम आपापले कागद चाळू लागत. विरोधी पक्षाने तक्रार केली की त्यांच्या नेत्यालाही इतकाच वेळ मिळाला पाहिजे. पण नेत्याला एवढा वेळ बसवेना, म्हणून तक्रार मागे घेण्यात आली.

प्रेक्षक आधी वैतागले, मग त्यांना सवय झाली. लोक घरात टीव्ही नुसता चालू ठेवू लागले. भाजी निवडताना सोबत होते, म्हणत. ताई आणि मंत्री खुर्चीत डुलक्या घेत असले तरी दिवा चालूच असे, आणि कुणीतरी फोन करून सांगे की मंत्री घोरतायत, त्यांना कुशीवर वळवा, बाळ दचकतंय.

ताईंचे यजमान दातांचे डॉक्टर होते. ते दवाखान्यातून मामांना फोन करत. "तिला सांगा, उजवीकडून हसू नकोस. त्या दाढेचं काम राहिलंय." फोन ठेवण्याआधी जरा थांबून विचारत, "जेवते ना नीट?"

हा निरोप मामांनी सांगितला तेव्हा ताईंना घरची खिडकी आठवली, आणि खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं असेल का, अशी चिंता वाटली. आपण हे नक्की कशासाठी करतोय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. उत्तर तर मिळालंच होतं. ते आपल्याला मिळालंय आणि लोकांना मिळालेलं नाही, एवढाच काय तो फरक. पण मग पुन्हा त्यांना नदीकाठी नावेची वाट पाहत बसलेली माणसं दिसत, आणि त्या म्हणत, "मंत्रीमहोदय, पूल कुठे आहे?"

एके दिवशी भर दुपारी, लाल दिवा चालू असताना, मंत्र्यांच्या पत्नी थेट चौकटीत चालत आल्या. हातात धुतलेला शर्ट आणि गोळ्यांची डबी होती. ताई त्यांना जुन्या दिवसांपासून ओळखत आणि वहिनी म्हणत. पण दिवा चालू होता, म्हणून त्या म्हणाल्या, "या. बसा, बोलूया."

मामांनी पायानेच एक स्टूल पुढे सरकवलं. वहिनी बसल्या.

"मी फक्त एवढंच विचारायला आले, यांनी रक्तदाबाची गोळी घेतली का?"

ताई मंत्र्यांकडे वळल्या. "घेतलीत का?"

"त्या बाबतीत आमची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट आहे," मंत्री म्हणाले.

"हे असं," वहिनी म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, फक्त थकल्या होत्या. "घरीही असंच चालतं. गाडीची किल्ली कुठे ठेवली विचारलं, तर म्हणाले, योग्य वेळी सविस्तर बोलेन. तेव्हापासून आमची गाडी दारात उभी आहे आणि आम्ही टॅक्सीने फिरतोय. ड्रायव्हर रोज येतो, गाडी पुसतो आणि जातो."

नियंत्रण कक्षात कुणीतरी हसलं. मंत्री हसले नाहीत.

"पूर्वी असे नव्हते हो हे," वहिनी पुढे म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा यांच्याकडे सायकल होती. तिची किल्ली आठवड्यातून एकदा तरी हरवायची. तेव्हा म्हणायचे, हरवली गं, चल शोधू. मग आम्ही दोघं अख्खा रस्ता वाकून चालायचो. मला आवडायचं ते."

त्यांनी डबीतली गोळी काढून मंत्र्यांच्या तळहातावर ठेवली. मंत्र्यांनी ती मुकाट्याने गिळली, पाण्याशिवायच. मग ते वहिनींकडे वळले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

ताईंना वाटलं आपल्या कानातलं यंत्र बिघडलं. "काय म्हणालात?"

"पूल कुठे आहे ते मला माहीत नाही. किल्ली कुठे आहे तेही माहीत नाही. आणि गोळी मी परवापासून घेतलेली नाही."

 मग कानातल्या यंत्रात एकदम गलका उठला. हे उत्तर धरायचं की नाही? वाहिनीचे वकील म्हणाले, माहीत नाही म्हणजे उत्तराचा अभाव. संचालक म्हणाले, पण अभाव मान्य करणं हे उत्तरच नाही का? मंत्र्यांच्या कार्यालयातून फोन आला की साहेबांच्या विधानाचा विपर्यास केला जातोय, आणि विपर्यास अजून कुणी केलेलाच नव्हता. एक समिती नेमावी असं ठरत होतं, तेवढ्यात ताईंनी कानातलं यंत्र काढून तिपाईवर ठेवलं.

त्यांना आत कुठेतरी सैल झाल्यासारखं वाटत होतं. समोरच्या माणसाचा चेहरा उतरला होता, पण तो टाचण्याचा चेहरा होता, आणि दिवा तर चालू होता.

"हे उत्तर आहे," ताई म्हणाल्या. "आता दुसरा प्रश्न. शोधायला कधी निघायचं?"

"आत्ताच," मंत्री म्हणाले आणि उठायला लागले.

"उठू नका," संचालक धावतच आत आले. "उठलात तर सनदेप्रमाणे कार्यक्रम संपला. संपला की मला सरकारचे फोन घ्यावे लागतील." ते वाहिनीवर प्रथमच दिसत होते, त्यामुळे प्रेक्षकांना वाटलं हे नवे हवामानवाले.

यावर मामांनी तोडगा काढला. त्यांनी आणि ध्वनिवाल्याने मिळून मंत्र्यांना खुर्चीसकट उचललं आणि वाहिनीच्या गाडीत नेऊन ठेवलं. मग ताईंना नेलं. वहिनी आपल्या पायांनी आल्या आणि स्टूलही घेऊन आल्या. खांद्यावरच्या कॅमेऱ्यालाही एक छोटा लाल दिवा होता. तो चालू होता.

आधी नदीवर जाऊन बघायचं असं ठरलं, कारण हरवलेली वस्तू शेवटची जिथे होती तिथून शोधायला घ्यावी, असं वहिनींचं म्हणणं पडलं. गाडी शहराबाहेर पडली आणि थोड्याच वेळात अडकली. पुढे ट्रकांची लांबच लांब रांग गोगलगाईसारखी चालली होती. त्यांच्यावर लोखंडी सांगाडे लादलेले होते आणि टोकांना लाल फडकी बांधलेली होती. ड्रायव्हरने भोंगा वाजवून वाजवून हात टेकले.

"हे असे पुढे असले तर आपण पुलापर्यंत कधी पोचणार?" मंत्री म्हणाले. ते वैतागून खिडकीतून बघत होते. बघता बघता त्यांची मान ताठ झाली. "तो कठडा बघा."

"कुठला?"

"तो, निळा, टोकाला वाकलेला. उद्घाटनाच्या दिवशी माझ्या कोटाची बाही त्याच टोकात अडकून फाटली होती."

"रफू मीच केलंय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डोळे बारीक केले. "आपलंच सूत आहे ते. अजून लोंबतंय."

ट्रक पुढे पेट्रोल पंपावर थांबले तेव्हा गाडीही थांबली. मुकादम डबा उघडून बसला होता. उंच, रुंद, डोक्याला फडकं गुंडाळलेला माणूस. मंत्र्यांना खुर्चीसकट उतरवून त्याच्यासमोर ठेवलं, तेव्हा तो घास हातात धरूनच उभा राहिला.

"साहेब, तुम्ही इतक्यात कसे? उद्घाटन तर उद्या आहे."

"कशाचं उद्घाटन?" ताईंनी विचारलं.

"याचंच, पुलाचं. पुढच्या गावात. लावायला रात्र जाणार, म्हणून घाईत आहोत."

"आणि मग?"

"मग काय, फीत, फोटो, भाषण. साहेब गेले की उतरवायचा आणि त्याच्या पुढच्या गावी न्यायचा. वर्षभर हेच चाललंय." मुकादमाला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "खात्याकडे पूल एकच आहे आणि उद्घाटनं ढीगभर. हे टीव्हीवरचे दिवस सोडले तर साहेब प्रत्येक वेळी असतात. मला वाटलं त्यांना माहीत आहे."

ताईंनी मंत्र्यांकडे पाहिलं.

"मला वाटायचं सगळे एकाच नमुन्याचे आहेत," मंत्री म्हणाले. "मी एकदा भाषणात त्याबद्दल खात्याची पाठही थोपटली होती. काटकसर म्हणून." ते खूप लहान आवाजात बोलत होते. "मी एकाच पुलावर चालतोय इतके दिवस."

"पण तो नदीवर राहू द्यावा, लोकांनी त्यावरून जावं, असं कुणाच्या मनात नाही आलं?" ताईंनी मुकादमाला विचारलं.

"आलं की. पण तसं कुणी सांगितलं नाही. आम्हाला लावायचा आणि उतरवायचा हुकूम असतो. मध्ये काही नसतं."

मंत्री खुर्चीतच जरा पुढे सरकले. "मी अजून मंत्री आहे का?" त्यांनी ताईंना विचारलं.

"दिवा चालू आहे. म्हणजे असणार."

"मग मुकादम, मी सांगतो. ट्रक वळवा. पहिल्या नदीवर चला. तिथे लावा आणि उतरवू नका."

मुकादमाने हातातला घास खाल्ला आणि विचार केला. "उतरवायचा नाही," तो म्हणाला. "म्हणजे बोल्ट शेवटपर्यंत पिळायचे?"

"आजवर पिळत नव्हता?" मंत्र्यांचा चेहरा पांढरा पडला. बहुधा आपण किती वेळा मधोमध जाऊन टाळ्या घेतल्या ते त्यांना आठवत असावं.

"उतरवताना त्रास नको म्हणून अर्धेच ठेवायचो. पण साहेब हळू चालतात, त्यामुळे भीती नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूल नदीवर उभा होता. मुकादमाची माणसं बोल्ट पिळत होती. पिळून झाले तरी पुन्हा पुन्हा पान्याला जोर लावून बघत होती, कारण इथवर काम यायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. खुर्च्या मंत्री आणि ताईंसकट पुलाच्या मधोमध मांडल्या गेल्या.  दोन्ही काठांवर माणसं जमली, पण पुलावर कुणी येईना. याआधीचा पूल संध्याकाळपर्यंत नाहीसा झाला होता, हे ते विसरले नव्हते.

मग खात्याचे फोन सुरू झाले. पुढच्या गावात मांडव पडलाय, पाहुणे आलेत, पूल ताबडतोब पाठवा. पूल ही खात्याची मालमत्ता आहे, आणि मंत्री बदलायचं काम चालू आहे. मुकादम डोकं खाजवू लागला.

तेवढ्यात संचालक पोचले. गेले कित्येक दिवस मुलाखत कशी थांबवता येईल हे शोधण्यासाठी त्यांनी सनद इतक्या वेळा वाचली होती की ती त्यांना तोंडपाठ झाली होती. त्यांनी खात्याचा फोन मुकादमाच्या हातातून घेतला. "कार्यक्रमाची बैठकव्यवस्था निवेदिकेच्या संमतीशिवाय हलवू नये," ते म्हणाले. "कलम आहे तसं. खुर्च्या पुलावर आहेत. म्हणजे पूल ही बैठकव्यवस्था झाली. निवेदिकेची संमती नाही." पलीकडून बरंच काही बोललं गेलं. संचालकांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग कोर्टात जा." फोन परत देताना त्यांच्या चेहऱ्यावर जो रंग होता, तो ताईंनी कधी पाहिला नव्हता.

खातं कोर्टात गेलं आणि ते प्रकरण अजून चालू आहे. तेव्हापासून 'बसा, बोलूया' पुलावरच होतो. लोक ये-जा करतात, "जरा पाय आत घ्या" म्हणून मोठमोठ्या पाहुण्यांना बाजूला करतात, आणि वाटलं तर थांबून आपलाही एक प्रश्न विचारून जातात. त्यामुळे मंत्री, अधिकारी वगैरे मंडळी नदी ओलांडायची झाली की हटकून नावेने जातात. नावाड्याचा धंदा पूर्वीपेक्षा बरा चाललाय. टाचण्याचं मंत्रिपद तो घरी पोचायच्या आत गेलं. गाडीची किल्ली पुढे कधीच सापडली नाही. शेवटी वहिनींनी सायकल घेतली.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी ताईंनी आधी आभार मानले. इतक्या दिवसांनी ते शब्द त्यांच्या तोंडात नीट बसेनात, दोनदा म्हणावे लागले. मामांनी कॅमेरा खाली ठेवला. दिवा विझला.

"चल," ताई म्हणाल्या. "पलीकडे जाऊन येऊ."

"गुडघे चालतील का तुझे?"

"न चालायला काय झालं?"

टाचण्या, वहिनी आणि ताई पलीकडच्या काठावर उतरले. काठाला लागूनच दवाखान्याचं आवार होतं. तिथे भिंतीआडच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या, मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन. पायाचं प्लास्टर कधीच निघालं होतं, फक्त एक पाय दुसऱ्यापेक्षा गोरा दिसत होता. नदी उतरायची वाट बघत त्या कधीपासून तिथे होत्या कोण जाणे. या तिघांना येताना बघून त्यांनी विचारलं, "नाव लागली का गं, बाई?"

"नाव नाही, आजी," ताई म्हणाल्या. "आम्ही चालत आलो."

आजींनी तिघांच्या पायांकडे निरखून पाहिलं. वाकून टाचण्याच्या बुटाला हात लावून बघितला. बूट कोरडा होता.

"मग मी कशाला बसलेय इथे," असं म्हणून त्यांनी गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि आधारासाठी ताईंकडे हात पुढे केला.